लस झालेल्या कुत्र्याचा चावा आणि कामगाराचा हात

भुसावळहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचे कुत्र्यांच्या ग्रूमिंगचे (आंघोळ, केस, नखे) आणि बोर्डिंगचे (मालक बाहेरगावी असताना सांभाळण्याचे) छोटे केंद्र असून त्यांच्याकडे दोन तरुण कामाला आहेत. परवा एका जर्मन शेफर्डची नखे कापत असताना त्यांपैकी एकाच्या उजव्या तर्जनीच्या मुळाशी कुत्रा चावला. 'सगळ्या लसी वेळेवर झालेल्या आहेत, इंजेक्शनची काही गरज नाही,' असे कुत्र्याच्या मालकांनी सांगितले. जखम नळाखाली धुतली, तिच्यात हळद भरली आणि काम पुढे सुरू राहिले. आज बोट सुजले आहे. आता रेबीजची इंजेक्शने घ्यावीत का, हातमोजे कोणते आणावेत, मझल (कुत्र्याच्या तोंडाला बांधायचे मुसके) कोणता चांगला, आणि मोठ्या जातींची कुत्री घेणेच बंद करावे का, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी जळगावात पाळीव प्राण्यांचा दवाखाना बरीच वर्षे चालवतो. ड्रेसर, परिचर आणि ग्रूमिंगची मुले माझ्याकडेही आहेत आणि चावे माझ्याकडेही होतात. माणसाच्या उपचाराबद्दल खाली जे लिहिले आहे ते राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांना धरून आहे. परंतु त्या मुलाला प्रत्यक्ष तपासून घेतलेला डॉक्टरांचा निर्णय हाच अखेरचा मानावा. प्राण्यांच्या बाबतीत मात्र मी माझ्या अनुभवाच्या जोरावर थोडे ठामपणे लिहिणार आहे.

आपल्या चार प्रश्नांत सर्वांत निकडीची गोष्ट आलेलीच नाही, ती म्हणजे सुजलेले बोट. कुत्र्याचा सुळा लांब आणि निमुळता असतो. तो आत जाऊन बाहेर आला की कातडीवरचे छिद्र मिटल्यासारखे दिसते, पण तोंडातले जंतू तोवर खोलवर पोहोचलेले असतात. मांडीवर किंवा पोटरीवर चावा बसला तर खाली मांसाची जाडी तरी असते. बोटात कातडीखाली लगेच कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आणि सांधे लागतात. बोट वाकवणाऱ्या कंडरेभोवती एक बंद आवरण असते, आणि त्यात एकदा पू धरला की तो आवरणाच्या लांबीभर पसरतो व कंडरेचा रक्तपुरवठा दाबतो. अशा वेळी एक-दोन दिवसांचा उशीरसुद्धा बोट कायमचे आखडून जायला पुरेसा होतो. म्हणून त्या मुलाचा हात समोर घेऊन चार गोष्टी पाहाव्यात: बोट आपोआप किंचित वाकलेले राहते का, सूज एका जागी नसून संपूर्ण बोटभर सारखी आहे का, तळव्याच्या बाजूने बोटाच्या रेषेवर दाबल्यास सर्वत्र दुखते का, आणि ते बोट आपण हळूच सरळ करू लागलो की जोराची कळ येते का. यांतील एकही गोष्ट असली तर उद्याची वाट पाहू नये. आजच हाताच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. बोटात अंगठी असेल तर ती आताच काढावी आणि जाताना हात खाली लोंबता न ठेवता छातीच्या उंचीवर धरावा.

कुत्र्याच्या चाव्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गात पाश्चुरेला नावाचा जीवाणू वरचेवर सापडतो आणि तो फार वेळ घेत नाही. पुष्कळदा चोवीस तासांच्या आतच लाली, सूज आणि ठणका सुरू होतो. कॅप्नोसायटोफागा हा दुसरा जीवाणू क्वचित त्रास देतो, पण ज्यांची प्लीहा काढलेली आहे, ज्यांना दारूचे व्यसन आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती कमी झालेली आहे, त्यांच्या रक्तात तो पसरून जीवावर बेतू शकते. मधुमेही माणसाच्या हाताला चावा बसल्यास जखम कितीही लहान दिसली तरी ती मोठीच समजावी. यांपैकी काही असल्यास डॉक्टरांनी विचारण्याआधी आपणच सांगावे. हाताच्या चाव्यानंतर डॉक्टर बहुधा अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल एकत्र असलेले प्रतिजैविक देतात. मेडिकलमधून 'सुजेची आणि दुखण्याची' म्हणून चार गोळ्या आणून भागवू नये. त्यांनी ठणका कमी होतो, पू आत तसाच राहतो, आणि माणूस दोन दिवस उशिरा डॉक्टरांकडे पोहोचतो. धनुर्वाताचे इंजेक्शन पूर्वी कधी झाले आहे तेही विचारून घ्यावे. डॉक्टरांनी टाके घातले नाहीत म्हणून नाराज होऊ नये, कारण हातावरचा चावा घाईने शिवला की घाण आत कोंडली जाते.

हळदीबद्दल एकच सांगतो. आपल्याकडे चाव्याच्या जखमेवर हळद, चुना, तंबाखू, मिरचीची पूड, तेल, जे हाताशी असेल ते भरतात. कोणी वाईट हेतूने करत नाही, पण रेबीजच्या विषाणूविरुद्ध सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी पहिला उपाय म्हणजे वाहते पाणी आणि साबण, आणि तेही सलग पंधरा मिनिटे. घड्याळ लावून पाहिले तर पंधरा मिनिटे फार लांबतात. बहुतेक जण मिनिटभरात नळ बंद करतात. त्यानंतर पोव्हिडोन आयोडीन लावायचे आणि जखम उघडी ठेवायची. आपल्या कामगाराने परवा काय केले ते आता बदलता येणार नाही, पण हळद धुऊन काढून जखम आजही साबणाने नीट धुतली पाहिजे.

आता आपला पहिला प्रश्न. होय, इंजेक्शने घ्यावीत, आणि आजच सुरू करावीत. दोन दिवस गेले म्हणून वेळ टळलेली नाही. पहिला डोस ज्या दिवशी मिळेल तो शून्यावा दिवस धरून पुढचे मोजले जाते. दातांनी कातडी भेदली गेली असेल, तर ती जखम तिसऱ्या, म्हणजे रेबीजच्या दृष्टीने सर्वांत गंभीर श्रेणीत मोडते, आणि तिसऱ्या श्रेणीत लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. दवाखान्यात याला सर्रास 'सिरम' म्हणतात. लस शरीराला प्रतिपिंडे बनवायला शिकवते, पण त्याला काही दिवस लागतात. तेवढ्या काळात जखमेतल्या विषाणूला तिथल्या तिथे अडवणे हे सिरमचे काम असते, म्हणून ते शक्य तेवढे जखमेच्या आत आणि भोवतीच टोचतात. मात्रा वजनावर ठरते: मानवी सिरम किलोला २० एकक, घोड्याच्या रक्तापासून केलेले ४० एकक. लसीच्या पहिल्या डोसबरोबर ते मिळाले नाही तर सातव्या दिवसापर्यंत देता येते, त्यानंतर त्याचा उपयोग नाही. लस कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, प्रत्येक वेळी दोन ठिकाणी. स्नायूत दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, आणि तीही दंडात, कुल्ल्यावर नाही. पोटात चौदा इंजेक्शने देण्याची पद्धत केव्हाच बंद झालेली आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण खेड्यातून आलेली मुले आजही त्या भीतीने चावा लपवतात आणि विचारले तर 'काही व्हत नही, भाऊ' म्हणून हात खिशात घालतात.

मग मालकांचे लसीकरणाचे कार्ड खोटे ठरते का? तसे मुळीच नाही. नियमित लस घेतलेल्या, घरात राहणाऱ्या कुत्र्याकडून रेबीज होण्याची शक्यता फारच कमी असते, आणि आपल्या प्रसंगात मला रेबीजपेक्षा त्या बोटाची चिंता अधिक वाटते. तथापि 'सगळ्या लसी झाल्या' या वाक्यात काय काय दडलेले असते ते मी दवाखान्यात रोज पाहतो. कोणी पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दुसऱ्याच आजारांवरच्या लसीला 'सगळ्या' म्हणतो. कोणाची रेबीजची लस दीड वर्षापूर्वीची असते. कोणी मागच्याच आठवड्यात दिलेली असते आणि तिचा परिणाम अजून यायचा असतो. कोणी पिल्लाला तीन महिने पूर्ण होण्याआधीच टोचून मोकळा झालेला असतो. कार्ड पाहावे, तारीख आणि लसीचे नाव वाचावे, डॉक्टरांना त्याचा फोटो दाखवावा. परंतु कार्डाच्या आधारावर उपचार थांबवू नयेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणे बहुधा एक ते तीन महिन्यांनी, क्वचित त्याहूनही कितीतरी उशिरा दिसतात. इतक्या एकतर्फी हिशेबात शक्यता कमी आहे या युक्तिवादाला फारसे वजन राहत नाही.

कुत्र्याच्या बाजूने एक काम लगेच करावे लागते. त्याला चाव्याच्या दिवसापासून दहा दिवस मालकांच्या घरी, बांधून, नजरेखाली ठेवायचे आणि आपण रोज फोन करून तो खातो-पितो का, वागणे बदलले का, हे विचारून लिहून ठेवायचे. चावताना कुत्र्याच्या लाळेत विषाणू असेल, तर या मुदतीत तो आजारी पडतो किंवा मरतो. दहा दिवसांनंतरही तो ठणठणीत असेल, तर त्या चाव्यातून रेबीज झालेला नाही असे मानता येते आणि उरलेल्या डोसांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. हे दहा दिवस उपचार सुरू ठेवूनच पाळायचे असतात, त्यांची वाट पाहत उपचार लांबवायचे नसतात. मधल्या काळात कुत्र्याला दूर नेऊन सोडून देणे किंवा रागाने मारून टाकणे, दोन्ही चूक आहे, कारण त्यामुळे आपल्या हातातला सर्वांत उपयोगी पुरावा जातो.

बोर्डिंग चालवत असल्यामुळे आणखी एक धोका सांगायला हवा. पिसाळलेला कुत्रा म्हटले की सैरावैरा धावून चावणारे जनावर डोळ्यांसमोर येते, पण रेबीजचा एक प्रकार मुका असतो. त्यात जबडा लुळा पडून खाली लोंबतो, लाळ गळते, पाणी गिळता येत नाही, कुत्रा कोपऱ्यात बसून राहतो. मालक म्हणतात, घशात हाड अडकले आहे. आणि मदत करायला धावणारा कामगार सरळ तोंडात हात घालतो. ही चूक चाव्याइतकीच घातक ठरू शकते, कारण ग्रूमिंग करणाऱ्यांच्या हातांवर कात्रीचे, ब्रशचे, नखांचे ओरखडे कायम असतात आणि फुटलेल्या कातडीवर लाळ लागणे हीसुद्धा तिसरीच श्रेणी आहे. जबडा लोंबलेल्या कुत्र्याच्या तोंडात आपल्या केंद्रातल्या कोणीही, कोणत्याही कारणाने हात घालू नये. तो पशुवैद्यकाकडे जावा, तोही आधी फोन करून.

उरलेले तीन प्रश्न हातमोजे, मझल आणि जातीबद्दल आहेत. तिन्हींची उत्तरे देतो, पण माझ्या मते खरा प्रश्न त्यांच्या पलीकडचा आहे. आपण लिहिले आहे की त्या कुत्र्याने आधी दोनदा पाय ओढून घेतला, गुरगुरला, आणि मालक बाहेर थांबलेले असल्यामुळे 'दोनच नखे राहिली आहेत' म्हणून मुलाने काम पुढे नेले. म्हणजे चावा अचानक झालेला नाही. कुत्र्याने तीनदा कळवले, मुलाला ते कळलेही, पण हातातले काम अर्धे सोडण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्याला वाटले नाही. माझ्या पाहण्यातले ग्रूमिंगचे बहुतेक चावे याच जागी होतात: काम संपत आलेले असताना, कोणी तरी बाहेर वाट पाहत असताना. तेव्हा आपल्या केंद्रात काम थांबवण्याचा निर्णय कोण घेतो, याचे उत्तर 'ज्याचा हात कुत्र्याच्या तोंडाजवळ आहे तो' असे असले पाहिजे, आणि त्याने थांबवल्यावर ग्राहकाशी बोलण्याची जबाबदारी आपली असली पाहिजे. अर्धी नखे कापून परत गेलेला ग्राहक नाराज होतो आणि कधी कधी दुसरीकडे जातो, हे मान्य आहे. तो खर्च धंद्यात धरूनच चालावे लागते.

हा अधिकार वापरायचा तर मुलांना कुत्रा वाचता आला पाहिजे. गुरगुरणे आणि दात दाखवणे हे शेवटचे इशारे असतात. त्याआधी बरेच काही घडून गेलेले असते. तोंड उघडे ठेवून धापा टाकणारा कुत्रा एकदम तोंड मिटतो. खायला काही नसताना ओठ चाटतो, जांभई देतो, मान दुसरीकडे वळवतो पण डोळे आपल्या हातावर ठेवतो, त्यामुळे डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागतो. कान मागे जातात, अंग ताठ होते, आणि क्षणभर तो अगदी स्थिर होतो. या स्थिरतेला मुले 'आता शांत झाला' असे समजतात, आणि नेमकी तीच सर्वांत धोक्याची वेळ असते. शेपूट हलते म्हणजे खूश आहे, असेही नाही; ताठ, उंच आणि भरभर हलणारी शेपूट वेगळेच काही सांगत असते. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही मारू नये किंवा दरडावू नये. मारल्याने त्याची भीती जात नाही, फक्त इशारा देणे बंद होते, आणि पुढच्या वेळी तो न गुरगुरता चावतो. माझ्याकडे मार खाऊन 'सुधारलेली' म्हणून आलेली कुत्री मला सर्वांत जास्त सावध करतात.

भीती आणि वेदना कुठून येते हे पाहिले तर निम्मे काम मझलशिवाय होते. टेबल गुळगुळीत असेल तर पाय घसरतात आणि कुत्रा पहिल्या मिनिटापासून घाबरलेला असतो; जाड रबरी चटई टाकली की फरक दिसतो. पाय बाजूला ओढून उंच धरल्याने खांदा आणि खुबा दुखतो. लॅब्रॉडोर आणि जर्मन शेफर्ड या जातींत खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो, म्हणून वयस्क कुत्र्याचा पाय अंगाखालीच, जेमतेम उचलून धरावा. काळ्या नखात आतली रक्ताची शीर दिसत नाही. ती एकदा कापली गेली की तो कुत्रा आयुष्यभर नेल कटर विसरत नाही, तेव्हा अशी नखे अगदी थोडी थोडी कापावीत. ट्रिमरचे पाते चालता चालता तापते आणि पोटाच्या पातळ कातडीला चटका बसतो; ते दर थोड्या वेळाने स्वतःच्या मनगटाला लावून पाहावे. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांत कानाचा संसर्ग फार असतो, म्हणून कानाला हात लावण्याआधी वास घेऊन पाहावा. वास येत असेल तर ते काम ग्रूमरचे नाही, डॉक्टरांचे आहे. शिह त्झूच्या काखेत आणि कानामागे केसांच्या गुठळ्या झालेल्या असतील, तर त्या विंचरून सोडवण्याचा हट्ट धरू नये. मालकांना स्पष्ट सांगून केस बारीक करावेत. लहान कुत्र्यांचा चावा मालक हसण्यावारी नेतात, पण पोमेरियनचा सुळाही बोटाच्या सांध्यापर्यंत पोहोचतो.

आपल्या भागातल्या उन्हाळ्याचा विचार वेगळा करावाच लागतो. भुसावळ-जळगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि कुत्र्याला अंग थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे तोंड उघडून धापणे. ब्लोअरची गरम हवा, कूलरचा आवाज आणि उन्हातून गाडीवर आणलेला कुत्रा, हे तिन्ही एकत्र आले की एरवी समजूतदार असलेले जनावरही चिडते. उन्हाळ्यात ग्रूमिंग सकाळी लवकर आटोपावे, दुपारी फक्त बोर्डिंगचे पाहावे, आणि आलेल्या कुत्र्याला पाणी पाजून पंधरा-वीस मिनिटे बसू द्यावे.

मझलचे उत्तर याच कारणाशी जोडलेले आहे. कापडाचा किंवा नायलॉनचा घट्ट मझल तोंड मिटून ठेवतो, त्यामुळे कुत्र्याला धापता येत नाही. तो एखादे इंजेक्शन देण्यापुरता, म्हणजे एक-दोन मिनिटांसाठीच वापरायचा असतो. तो बांधून आंघोळ आणि ब्लोअर केल्यास आपल्याकडच्या उन्हाळ्यात कुत्रा उष्माघाताने दगावू शकतो. जाळीचा, टोपलीसारखा मझल घ्यावा. त्यात तोंड उघडते, धापता येते, पाणी पिता येते आणि जाळीतून खाऊही देता येतो. तीन-चार मापांचे आणून ठेवावेत. पग किंवा शिह त्झूसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांना नेहमीचा मझल बसत नाही. त्यांच्यासाठी मानेभोवती गुंडाळलेला जाड टॉवेल बरा पडतो, मात्र त्यांचा श्वास आधीच अडचणीचा असतो हे ध्यानात ठेवून. मझल चावा रोखतो, भीती रोखत नाही. म्हणून मझल घातलेल्या कुत्र्याचेही इशारे वाचायचे आणि त्याच्याही बाबतीत थांबायचे.

जाड चामडी हातमोज्यांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. ते घातले की बोटांना कळत नाही, म्हणून पकड नकळत घट्ट होते. पकड घट्ट झाली की कुत्रा अधिक झटापट करतो. शिवाय दात आत गेले नाहीत तरी जबड्याच्या दाबाने बोट चेचले जाऊ शकते. पिंजऱ्यातून बाहेर न येणाऱ्या कुत्र्याला हलवण्यापुरते ते ठेवावेत. चावा बसलाच तर हात झटक्याने ओढून घ्यायचा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे, कारण ओढण्याने छिद्राची फाटलेली जखम होते. दुसऱ्याने पट्टा धरून कुत्र्याचे डोके स्थिर करायचे आणि तोंड सुटले की हात काढायचा. यासाठीच नखे कापण्याचे काम एकट्याने करू नये. बोर्डिंगमध्ये दोन कुत्री जुंपली तर मध्ये हात घालू नये, मानेचा पट्टा धरायलाही जाऊ नये. पाण्याचा पाइप मारावा किंवा मध्ये प्लायवूडचा तुकडा सरकवावा. त्यासाठी तो तुकडा भिंतीला टेकून कायम हाताशी ठेवलेला हवा.

झोपेच्या गोळीबद्दल आपण विचारलेले नाही, पण पुढे कोणीतरी सुचवेलच. ग्रूमरने स्वतःहून कोणतेही गुंगीचे औषध देऊ नये. काही औषधांनी कुत्रा बाहेरून सुस्त दिसतो, पण आतली भीती तशीच राहते आणि आवाजाने दचकून तो एरवीपेक्षा अधिक जोरात चावू शकतो. ज्या कुत्र्याला औषधाची खरोखर गरज आहे त्याला डॉक्टरांनी हृदय, वजन आणि वय पाहून औषध द्यावे आणि ते काम दवाखान्यातच व्हावे.

कुत्रा आत घेतानाची विचारपूस बदलली तर पुष्कळ गोष्टी आधीच कळतात. 'चावतो का हो?' असे विचारले की प्रत्येक मालक 'नाही हो, तो काहीच करत नाही' असेच म्हणतो, आणि तो खोटे बोलत नसतो. घरच्यांना तो खरेच काही करत नाही. त्याऐवजी नखे कापताना काय करतो, कान धरला तर काय करतो, जेवताना जवळ गेले तर, डॉक्टरांकडे तोंड बांधावे लागते का, असे विचारावे. उत्तर, रेबीजच्या लसीची तारीख आणि मालकांचा फोन एका वहीत लिहावा, आणि ज्या कुत्र्याने एकदा इशारा दिला त्याच्या नावापुढे लाल खूण करावी. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांमधून राखणीची कुत्री आपल्याकडे येत असतील, तर त्यांचा विचार वेगळा करावा. अनोळखी माणसाला जवळ येऊ न देणे हेच त्यांना शिकवलेले असते. अशा कुत्र्यांच्या मालकांनी पूर्ण वेळ शेजारी थांबावे, अशी अट घालावी.

माझ्याकडे कामावर ठेवताना एक गोष्ट अनिवार्य आहे, आणि ती आपणही करावी असे मी आग्रहाने सांगतो: चाव्याआधीची रेबीज लस. ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी असे तीन डोस होतात. त्यानंतर कधीही चावा बसला तर जखम धुऊन फक्त दोन डोस, ० आणि ३ ऱ्या दिवशी, पुरतात आणि सिरम लागत नाही. या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व खानदेशात अधिक आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार इथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत, पण अक्कलकुवा किंवा धडगावच्या मुलाला सुट्टीवर घरी असताना चावा बसला, तर सिरमसाठी किती अंतर कापावे लागेल याचा विचार करून पाहावा. शरीरात पुरेशी प्रतिपिंडे आहेत का, हे रक्त तपासून कळते; मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही मर्यादा धरतात आणि त्याखाली गेल्यास एक डोस पुन्हा देतात. आपला दुसरा मुलगा, ज्याला चावा बसलेला नाही, त्याच्यापासून ही सुरुवात याच आठवड्यात करता येईल.

खर्चाबद्दल थोडक्यात. शासकीय रुग्णालयात लस मोफत मिळते. खासगीत गेल्यास खर्च केंद्राने करावा, आणि हात बरा होईपर्यंतचा पगारही द्यावा. कामावर झालेल्या इजेची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्या मालकावर असते, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आले आहे. आपल्या केंद्राला नेमकी कोणती तरतूद लागू होते ते कामगारांची संख्या आणि नोंदणी यांवर अवलंबून असल्यामुळे वकिलांना दाखवून घ्यावे. कुत्र्याच्या मालकाने प्राण्याबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ लागू होऊ शकते. पण आपल्या प्रसंगात कुत्रा आपल्या ताब्यात होता आणि इशारे आपल्या माणसाला मिळाले होते, तेव्हा मालकांशी भांडण काढण्यात मला अर्थ दिसत नाही. त्यांच्याकडून दहा दिवसांचे सहकार्य मिळवणे अधिक मोलाचे आहे. पगार कापला जाईल या भीतीने चावा लपवणारा कामगार हा केंद्राच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका असतो.

राहिला मोठ्या जातींचा प्रश्न. मोठ्या कुत्र्याच्या जबड्यात ताकद अधिक असते, त्यामुळे इजा मोठी होते हे खरे. पण ग्रूमिंगच्या टेबलावर कोणता कुत्रा चावेल हे जातीपेक्षा त्याला आज काय दुखते, मागच्या वेळी काय झाले होते आणि त्याला कोण कसे धरते यांवरून अधिक ठरते. जातीवर बंदी घातली तर आपण सौम्य स्वभावाची कितीतरी लॅब्रॉडोर गमावाल आणि चावणारे पोमेरियन आत घेत राहाल. त्याऐवजी एका वेळी एकच मोठा कुत्रा, दोन माणसे आणि मोकळा वेळ, असा नियम ठेवावा आणि त्याचे पैसे जास्त घ्यावेत.

ज्या जर्मन शेफर्डने चावा घेतला त्यालाही कायमचे नाकारण्याची गरज नाही. दहा दिवस संपल्यावर मालकांनी त्याचे खुबे आणि पंजे डॉक्टरांना दाखवावेत, घरी जाळीचा मझल रोज थोडा वेळ, खाऊ देत देत, सवयीचा करावा, आणि नंतर दोन-तीन वेळा तो आपल्या केंद्रात नुसता येऊन, टेबलावर उभा राहून, काहीही न करता परत जावा. त्याला काही आठवडे लागतील आणि सर्वच मालक एवढे करणार नाहीत. जे करतील त्यांच्या कुत्र्याला घ्यावे; तोवर त्याची नखे त्याच्या डॉक्टरांकडे कापली जाऊ द्यावीत.